भिंत रडते आहे : एका बोलक्या मुलीच्या ‘खोटेपणा’चे प्रकरण

हे टिपण माझ्या भाचीविषयी आहे. मी नोंदी ठेवायला सुरुवात केली तेव्हा ती ४ वर्षे ७ महिन्यांची होती. घरात तिचे आईवडील, आजी (वडिलांची आई) आणि ९ वर्षांचा थोरला भाऊ आहे. ३ ते ६ वयाच्या मुलांना शिकवणे हे माझे अनेक वर्षांचे काम, आणि मावशी या नात्याने त्या घरी मी केव्हाही जाऊ शकते. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, हे सगळे जवळून पाहण्याची विनंती मला केली. पुढे मुलीला ‘छोटी’ आणि भावाला ‘दादा’ म्हटले आहे. घरातही त्यांना बहुतेक वेळा असेच हाक मारतात.

छोटीचे बोलणे हा त्या घराचा कायमचा आवाज आहे. सकाळी डोळे नीट उघडण्याआधी तिचे पहिले वाक्य सुरू झालेले असते आणि रात्री शेवटचे वाक्य अर्धे टाकूनच तिचा डोळा लागतो. ती चपलांशी बोलते, आंघोळीनंतर वाफेने धूसर झालेल्या आरशाशी बोलते, आणि सर्वांत जास्त बोलते ती भिंतीवरच्या घड्याळात राहणाऱ्या टिकटिक्याशी, जो तिच्याशिवाय कोणालाही दिसत नाही. या बडबडीबद्दल घरात कोणाची तक्रार नव्हती. ताईचे म्हणणे वेगळे होते. “बोलण्याचं मला काही नाही गं,” ती म्हणाली, “पण ती खोटं बोलायला लागली आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती खरं कधी बोलते तेच मला कळेनासं झालं आहे.” या दोन वाक्यांपैकी दुसरे मला अधिक गंभीर वाटले, आणि पुढच्या दीड महिन्यात माझे ते मत अधिक पक्के होत गेले.

ताईला हे म्हणावेसे वाटले त्यामागे दोन प्रसंग होते.

पहिला प्रसंग दादाच्या पायाचा. छोटीने बालवाडीत सांगितले की दादाचा पाय मोडला आहे. प्लास्टर मांडीपर्यंत आहे, त्यावर तिने निळ्या रंगाने मासा काढला आहे, आणि डॉक्टरांनी एक महिनाभर अजिबात चालायचे नाही असे बजावले आहे. इतक्या तपशिलांनंतर शंका घेण्याचे कारण बाईंना दिसले नाही. त्यांनी संध्याकाळी काळजीने फोन केला, तेव्हा दादा दारात सायकल लावत होता. छोटीच्या वडिलांना फार ओशाळल्यासारखे झाले. त्यांनी तिला समोर उभे करून “मी खोटं बोलले” असे तीन वेळा म्हणायला लावले. तिने ते रडत रडत म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी बालवाडीत जाऊन सांगितले की प्लास्टर काल काढले.

दुसरा प्रसंग त्यानंतर साधारण आठ दिवसांनी सुरू झाला. छोटी सांगू लागली की भिंत रडते आहे. एकदा ताईला सांगितले, एकदा वडिलांना, आजींना तर रोजच. “आजी, भिंत रडते आहे गं, तिला कोणीतरी रागावलंय.” पायाचा प्रकार ताजा असल्याने वडील म्हणाले, “पुन्हा सुरू झालं का?” आजी म्हणाल्या, “रडू दे, मग गप्प होईल.” ताई फोनवर होती, ती “हं” म्हणाली. दीड-दोन आठवड्यांनी दादाचे पुस्तकांचे कपाट काही कारणाने सरकवले, तेव्हा त्याची मागची फळी फुगलेली निघाली, खालच्या खणातली पुस्तके भिजून एकमेकांना चिकटलेली होती आणि भिंतीवर बुरशीचा हातभर पट्टा चढला होता. पलीकडच्या न्हाणीघरातला भिंतीत बसवलेला नळ आतून गळत होता. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत केवळ छोटीच शिरू शकत होती. ती तिथे लपायला जात असे आणि तिने तिथे जे पाहिले ते तिच्याजवळ असलेल्या शब्दांत सांगितले होते.

ताईने मला बोलावले ते त्या रात्री. तिचे वाक्य मी वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले आहे : “जे नव्हतं ते सगळ्यांनी खरं मानलं, आणि जे होतं ते कोणी ऐकलंसुद्धा नाही.”

मी सहा आठवडे, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी, त्या घरी बसून नोंदी केल्या. छोटी काय म्हणाली एवढेच न लिहिता, त्याच्या लगेच आधी आणि लगेच नंतर मोठी माणसे काय म्हणाली हेही लिहायचे असे मी ठरवले होते. हा निर्णय बरोबर ठरला, कारण या प्रकरणातला निम्मा अर्थ त्या दुसऱ्या रकान्यात सापडला.

मुलांचे बोलणे असे शब्दन् शब्द टिपून ठेवण्याची परंपरा बालमानसशास्त्रात जुनी आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी सहा वर्षांच्या दोन मुलग्यांचे सुमारे महिनाभराचे बोलणे नोंदवून घेतले होते, आणि त्यातला निम्म्याच्या थोडा आतला भाग कोणाला उद्देशून नव्हताच, असे त्यांना आढळले. याला त्यांनी आत्मकेंद्री भाषा म्हटले. रशियातील लेव्ह वायगॉट्स्की यांनी याच बोलण्याचा वेगळा अर्थ लावला. चित्र काढणाऱ्या मुलाला हवी ती पेन्सिल मिळू नये अशी मुद्दाम अडचण निर्माण केली की त्याचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुप्पट होते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे मूल बोलत बोलत विचार करत असते, आणि हेच बोलणे पुढे आत जाऊन मूक विचार बनते. छोटीच्या बाबतीत हे मला अगदी उघड दिसले. चित्राचे तुकडे जुळवताना ती सोपे तुकडे मुकाट्याने लावत असे, आणि अडली की बोलू लागत असे : “हा निळा इथे नाही, हा नाही, तू इकडे ये, तुला कान आहे ना, मग कानाकडे जा.” तिच्या दिवसभरातल्या बडबडीचा मोठा हिस्सा या प्रकारचा होता. त्याला कोणी उत्तर देण्याची गरज नव्हती, आणि त्यात खरे-खोटे ठरवण्यासारखेही काही नव्हते.

राहिलेल्या बोलण्यात मात्र शब्दशः खरी नसलेली पुष्कळ वाक्ये होती, आणि घरात त्या सगळ्यांना एकच नाव होते : थापा. मला या प्रकरणात जे सांगायचे आहे ते एवढेच की ही वाक्ये एका जातीची नव्हती, आणि त्यांना एकाच जातीत टाकल्यामुळेच मोठ्यांना खरे वाक्य ओळखू येईनासे झाले होते.

काही वाक्ये निव्वळ तिने लावलेली कारणे होती. नळाचे पाणी सकाळी गार का असते, तर त्याला रात्रभर पांघरूण नसते म्हणून. या वयात मूल कारण शोधल्याशिवाय राहत नाही, आणि त्याच्याकडे कारणांचा साठा घरातलाच असतो. काही वाक्ये अंगावरचे बालंट टाळण्यासाठी होती : रंग टिकटिक्याने सांडला, पान दादाने फाडले. ही खरोखरची खोटी वाक्ये, पण नोंदवहीत ती फार थोडी निघाली आणि जवळजवळ प्रत्येकाच्या आधी मोठ्या माणसाचा एकच प्रश्न होता, “हे कोणी केलं?” तोही अशा वेळी विचारलेला, जेव्हा विचारणाऱ्याला उत्तर समोर दिसत होते. अशा प्रश्नाला खरे उत्तर दिले तर रागावणे नक्की आहे, हे तिला पुरते ठाऊक होते. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळी, चुकीचीसुद्धा समजूत असू शकते, हे बहुतेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागते. विमर आणि पर्नर यांनी १९८३ साली मांडलेल्या प्रयोगानंतर यावर पुष्कळ काम झाले आहे. ही समज आली की खोटे बोलता येऊ लागते. तेव्हा साडेचार वर्षांच्या मुलीने “मी नाही” म्हणून पाहणे अटळच होते. त्यावर उपायही सोपा होता, तो पुढे येईल.

भिंतीचे वाक्य या सर्वांहून वेगळे, कारण ती बातमी होती. छोटीला ‘ओल’ हा शब्द माहीत नव्हता. ओघळ तिने आजवर गालांवरच पाहिले होते. तिने जे पाहिले त्याच्याशी सर्वांत जवळचा शब्द उचलला आणि तो चपखल होता. मला आजींशी झालेले बोलणे आठवते. त्या म्हणाल्या, “पण भिंत रडते असं कोणी म्हणतं का?” थोड्या वेळाने मांडी मोडून उठताना त्या म्हणाल्या की पायाला मुंग्या आल्या. मी त्यांना नम्रपणे विचारले की मुंग्या कुठे आहेत. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांना ते पटले. आपल्या पोटात कावळे ओरडतात, आपल्या डोक्यावरून पाणी जाते, आपल्या तोंडचे पाणी पळते, आणि आपल्याला कोणी लबाड म्हणत नाही, कारण ही वाक्ये आपल्याआधी हजारोंनी वापरलेली असतात. मुलाचे वाक्य त्याच घडणीचे असते, पण ते त्याने त्या क्षणी स्वतः घडवलेले असते.

दादाच्या पायाचा उलगडा सहाव्या संध्याकाळी झाला. छोटी मातीचे गोळे करत बसली होती. मी काही प्रस्तावना न करता विचारले, “दादाचा पाय मोडला, मग काय झालं?” तिने आधी माझा चेहरा पाहिला. मी रागावलेली नाही एवढी खात्री झाल्यावर ती म्हणाली, “मग तो घरीच बसला.”

“मग?”

“मग त्याला कुठेच जाता येत नाही. ग्राउंडवर पण नाही. मग आम्ही बोट-बोट खेळलो. पलंगाची बोट. तो कॅप्टन, त्याला चालायचं नसतं ना. मीच त्याला सगळं आणून देते.”

दोन महिन्यांपूर्वी दादा रोज संध्याकाळी खेळाच्या सरावाला जाऊ लागला होता. त्याआधी ती वेळ त्या दोघांची होती. तो घरी दमून येत असे, गृहपाठ करत असे आणि झोपत असे. हा बदल घरात सर्वांना माहीत होता, पण मोडलेल्या पायाशी त्याचा संबंध कोणाच्याही मनात आला नव्हता. छोटीने दादाला कुठेही जाऊ न देणारी एकच गोष्ट शोधून काढली होती, आणि ती घडल्यासारखी सांगितली होती. एका संभाषणावरून निष्कर्ष काढू नये हे मला माहीत आहे, म्हणून मी तिला त्याचा अर्थ समजावत बसले नाही. पण त्या आठवड्यात आणखी दोनदा तिने स्वतःहून बोटीचा विषय काढला, आणि दोन्ही वेळा कॅप्टनला चालता येत नव्हते.

वडिलांनी विचारले होते, “खरं सांग, पाय मोडला का?” त्या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर होते आणि ते मिळाल्यावर चौकशी संपली. “मग काय झालं?” या प्रश्नाने मात्र ती कथा जिथे पोहोचायची होती तिथे पोहोचली.

आता दुसऱ्या रकान्याविषयी. नोंदी चाळताना मला एक अक्षर सगळीकडे दिसू लागले : ‘हं’. छोटी बोलते, मोठी माणसे भांडी आवरता आवरता, फोनकडे पाहता पाहता ‘हं’ म्हणतात, छोटी पुढे बोलते, पुन्हा ‘हं’. घरातल्यांची समजूत अशी होती की आपण तिचे दिवसभर ऐकतो. प्रत्यक्षात तिच्या बोलण्यावर कोणी वळून प्रश्न विचारला, तिच्या उत्तरावर आणखी काही बोलले, असे फार क्वचित घडत होते. रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ४ ते ६ वयाच्या ३६ मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की भाषेसाठी काम करणाऱ्या मेंदूच्या भागाच्या सक्रियतेशी संबंध होता तो मुलाने मोठ्या माणसाशी केलेल्या बोलण्याच्या देवाणघेवाणीचा. कानावर किती शब्द पडले याचा तितका नव्हता. मला या घरात त्याची दुसरी बाजूही दिसली. ‘हं’ मिळाला की छोटी गोष्ट वाढवत असे. मांजर दिसले, हं, मांजर मोठे होते, हं, मांजर दाराएवढे होते, “काय?” दाराएवढ्या मांजरावर मान वर होते हे तिला अनुभवाने कळले होते. मोडलेल्या पायावर तर बाईंनी तिला जवळ बसवून घेतले होते. तिला फुगवून सांगायला आपणच शिकवत होतो, हे ताईला ऐकताना फार लागले, पण तिने ते टाळले नाही.

दादाची तक्रार कोणी विचारली नव्हती, ती मी विचारली. तो म्हणाला, “मी काही सांगायला लागलो की तिला टिकटिक्या आठवतो.” जेवताना हे अक्षरशः खरे होते. तो वाक्य सुरू करी, छोटी मोठ्या आवाजात मध्ये पडे, सगळे तिच्याकडे वळत, आणि तो ताटाकडे पाहत राही. तो शांत मुलगा आहे असे घरात म्हटले जाई. तो शांत नाही. त्याची पाळी येत नव्हती. बोलक्या मुलाच्या घरात दुसऱ्या मुलाचे काय होते हा प्रश्न मी यापुढे प्रत्येक पालकाला आधी विचारणार आहे.

बदल फारसे केले नाहीत. “खरं सांग” हे शब्द बंद केले. त्याऐवजी दोन प्रश्न ठेवले : “मग काय झालं?” आणि “दाखवतेस का?” दुसरा प्रश्न भिंतीमुळे सुचला. जे खरोखर आहे ते मूल हाताला धरून दाखवायला नेते. जे कल्पनेतले आहे त्यासाठी ते तिथल्या तिथे नवी सोय करते, मांजर आत्ताच पळाले असे सांगते, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. ‘हे कोणी केलं’ हा प्रश्न उत्तर समोर असताना विचारायचा नाही असे ठरले. “रंग सांडला आहे, फडकं आण, आपण पुसू” एवढेच म्हणायचे. टिकटिक्यावर येणारे आळ पुढच्या पंधरवड्यात जवळपास थांबले.

सर्वांत उपयोगी ठरलेला शब्द आजींनी दिला. एकदा छोटी काही सांगू लागली तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “ही गोष्ट आहे की बातमी?” छोटीने विचार केला आणि म्हणाली, “गोष्ट.” मग तिने ती पूर्ण सांगितली आणि आजींनी पूर्ण ऐकली. त्या दिवसापासून घरात हे दोन शब्द रुळले. यात कोणीच खोटे ठरत नाही; गोष्टीचा मानही राहतो आणि बातमीचाही. आठवडाभराने छोटीने स्वतः तिसरा प्रकार काढला, ‘अर्धी-अर्धी’, आणि माझ्या मते तिच्या वयाच्या मुलीने केलेले हे वर्गीकरण मोठ्यांच्या वर्गीकरणापेक्षा अचूक आहे.

जेवणाच्या वेळेसाठी एक खूण ठरवली. दादा बोलत असताना छोटीला काही सांगायचे असेल तर तिने बाबांच्या मनगटावर हात ठेवायचा, आणि बाबांनी तिच्या हातावर आपला हात ठेवायचा, म्हणजे ‘कळले, तुझी पाळी येते आहे’. तिला थांबणे इतके कठीण का जाते हे तिने स्वतःच सांगितले होते : “थांबलं की ते विसरतं.” या वयात मनात एक गोष्ट धरून ठेवण्याची ताकद खरोखरच थोडी असते, म्हणून दादाचे बोलणे लांबले तर बाबा तिला हळूच विचारतात, “कशाचं आहे?” ती एक शब्द सांगते, “बेडूक,” आणि तो शब्द बाबा तिच्यासाठी लक्षात ठेवतात. शिवाय सरावाहून परत येताना दादाला आणायला बाबा स्वतः जातात, त्या वाटेवर फक्त दादा बोलतो.

एक चूक मात्र झाली आणि ती नोंदवणे आवश्यक आहे. टिकटिक्याला घरात मान मिळू लागल्यावर वडिलांना वाटले की त्याचा उपयोग करून घ्यावा. रात्री दात घासायला छोटी टाळाटाळ करत होती, तेव्हा ते घड्याळाखाली उभे राहून आवाज बदलून म्हणाले, “छोटी, मी टिकटिक्या बोलतोय, लवकर दात घास!” छोटी गप्प झाली. तिने दात घासले. पुढचे चार दिवस टिकटिक्याचा उल्लेख नाही. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “तो आता बाबांचा झाला.”

या वाक्याने मी हादरले, कारण ही चूक मी वर्गात स्वतः केलेली आहे. काल्पनिक सोबती ही मुलाची मालमत्ता असते. अशा सोबत्याची पालकांना फार चिंता वाटते, पण तो अपवाद नाही. मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५ टक्के मुलांना वयाच्या सातव्या वर्षापर्यंत कधी ना कधी असा सोबती होता, जीव लावलेली बाहुली-खेळणीही त्यात धरून. तो खरा नाही हे मुलांना बहुधा माहीत असते. घड्याळाचा सेल बदलताना छोटी ओरडली होती, तेव्हा मी विचारले, “तो खोटा-खोटा आहे ना?” ती म्हणाली, “हो, पण पडेल ना तो!” पॉल हॅरिस यांच्या १९९१ च्या प्रयोगात ४ ते ६ वयाच्या मुलांना एका रिकाम्या खोक्यात प्राणी असल्याची कल्पना करायला सांगितले होते, तो काल्पनिकच आहे असे मुलांनी सांगितले, आणि तरी खोलीत एकटी राहिल्यावर काहींनी खोक्याजवळ जाऊन पाहिले. माहीत असणे आणि तरीही जपणे या दोन गोष्टी या वयात एकत्र नांदतात. मोठ्यांनी बोलावल्यावर त्या खेळात जावे, विचारावे, पण त्याच्या तोंडी आपली आज्ञा घालू नये. वडिलांनी छोटीची माफी मागितली. टिकटिक्या पाचव्या दिवशी परत आला, पण त्याला आता कमी ऐकू येत होते; बाबांचे तर अजिबातच नाही.

एक बाब मी घरातल्या सर्वांना स्वतंत्र बसवून सांगितली. कोणी दुखावले, कोणी मारले, कोणी हात लावला, असे मूल म्हणाले तर ‘गोष्ट की बातमी’ हा प्रश्न विचारायचा नाही. ती बातमी म्हणूनच ऐकायची, “मग काय झालं?” एवढ्यावर थांबायचे, उत्तरे सुचवायची नाहीत आणि तेच ते पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचे नाही. स्टीफन सेसी आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवून दिले की कधीच न घडलेल्या घटनेबद्दल लहान मुलांना दर आठवड्याला विचारत राहिले, तर त्यांच्यातली पुष्कळ मुले शेवटी ती घडल्याचे तपशीलवार सांगू लागतात. दरडावून वारंवार विचारल्याने सत्य बाहेर येते अशी जी आपली समजूत आहे, ती या वयाच्या मुलांबाबत उलटी आहे. जिच्या रोजच्या बोलण्याला थापा म्हटले जाते त्या मुलीवर एखादे दिवशी खरोखर प्रसंग आला तर ती कोणाकडे जाईल, या विचाराने मला पुस्तकांच्या बुरशीपेक्षा जास्त अस्वस्थ केले होते.

तज्ज्ञांकडे नेण्याजोगे काही मला दिसले नाही. घाईत ती “मी मी मी काय म्हणते” असे अडखळते, ते दोन ते पाच वर्षांच्या पुष्कळ मुलांत दिसते. अडखळताना चेहऱ्यावर ताण नव्हता, बोलणे टाळणे नव्हते. हे सहा महिन्यांहून अधिक टिकले किंवा ताण दिसू लागला तर वाचा उपचारतज्ज्ञांना दाखवावे असे मी ताईला सांगितले आहे. छोटी समोरच्याचा चेहरा वाचते, प्रश्नाला उत्तर देते, झोपते, इतर मुलांत मिसळते, आणि टिकटिक्या तिला घाबरवत नाही. यातले काही बिघडले असते तर माझे मत वेगळे असते.

सहा आठवड्यांच्या शेवटी घर शांत झालेले नव्हते, आणि ते व्हावे असा हेतूही नव्हता. रात्री नऊनंतर वडिलांचा धीर अजूनही सुटतो. दमलेल्या माणसाला पलंगाखालच्या समुद्राचे सविस्तर वर्णन ऐकवत नाही, आणि त्यांनी “आता माझे कान झोपले, उद्या सकाळी ऐकतो” असे सरळ सांगावे, खोटा ‘हं’ देऊ नये, एवढेच आम्ही ठरवले. मनगटाची खूण छोटी अर्ध्या वेळा विसरते. बालवाडीतल्या बाईंना ताईने भेटून सर्व सांगितले. त्यांनी छोटीला गोष्टींसाठी एक वही दिली, ज्यात ती सांगते आणि बाई लिहून घेतात.

दादाला ताईने पायाची खरी हकिकत सांगितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने जुन्या चादरीची पट्टी फाडून घेतली. आता सराव नसलेल्या दोन संध्याकाळी तो पलंगाच्या बोटीवर पाय पसरून बसतो, छोटी त्याच्या पायाला पट्टी गुंडाळते, निळ्या खडूने त्यावर मासा काढते, आणि कॅप्टनला लागेल ते सगळे आणून देते.

भिंतीची दुरुस्ती झाली, रंग दिला. कपाट आता हातभर पुढे ठेवले आहे. मी शेवटची नोंद केली त्या सकाळी आजी, रोजच्याप्रमाणे, फटीत हात घालून भिंत चाचपत होत्या, आणि छोटी त्यांच्याही आत, अगदी कोपऱ्यापर्यंत शिरून दोन्ही तळवे भिंतीला लावून उभी होती. ताईने स्वयंपाकघरातून विचारले, “काय गं, कशी आहे?”

“नाही रडत आज,” आजी म्हणाल्या.